डाकूच्या नावाची मूठ

परवा सूनबाईने ब्रूनोसाठी मागवलेलं खेळणं घरी आलं. जाड काळ्या रबराचा डंबेलसारखा काहीतरी प्रकार होता आणि खोक्यावर छापलं होतं की कितीही दांडगा कुत्रा असो, हे तुटायचं नाही. मी घड्याळ बघून बसले. पाऊण तासात त्याचं एक टोक सोफ्याखाली गेलं, दुसरं ब्रूनोच्या पोटात. केतकी कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, हे चौथं हो! तुमच्या लहानपणी कुत्री काय चावत होती?" मी म्हटलं, "माझं काळीज." ती खो खो हसली. तिला वाटलं, सासूबाई आज रंगात आहेत. जळगावच्या या घरात मला येऊन चाळीस वर्षं होतील, पण माझ्या माहेरच्या कुत्र्याची गोष्ट मी इथे कुणालाच सांगितलेली नाही. सांगण्यासारखी नाहीच ती. म्हणून लिहून काढते.

आमचं घर धुळ्याला, देवपुरात. खाली आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, खरादीचं दुकान आणि वर आम्ही तिघं: आबा, माय आणि मी. खराद म्हणजे लाकूड फिरवून गोल घडवायचं यंत्र. मोटार सुरू झाली की पट्ट्याची फटफट जिन्यातून वर यायची, मग पटाशी लाकडाला टेकली की शिट्टीसारखा लांब आवाज, आणि मायच्या भाकरी थापण्याचा त्यात धप धप ठेका. खाटेचे पाय, लाटणी, रव्या, पाळण्याच्या दांड्या, पोरांचे भवरे आणि खुळखुळे, सगळं आबांच्या हातून उतरायचं. फिरत्या भवऱ्यावर ते लाखेची कांडी टेकवत, आणि लाल, हिरवा, पिवळा रंग असा चढायचा की बघत राहावं. ताज्या सागाचा वास आमच्या कपड्यांना, अंथरुणाला, लोणच्याच्या बरणीलासुद्धा असे. माणूस म्हणून मात्र आबा मुलखाचे अबोल. संध्याकाळी हातपाय धुऊन ताटावर बसले की कळण्याची भाकरी, ठेचा आणि वर शेंगदाण्याच्या तेलाची धार, एवढंच त्यांना लागायचं. "वाढ", "पुरे", "हं" या तीन शब्दांत त्यांचं जेवण आटपायचं.

मी एकुलती एक. देवपुरातल्या निम्म्या पोरांच्या हातात माझ्या बापाने घडवलेले भवरे होते आणि माझ्या हातात नव्हता. एकदा मागितला होता. आबांनी वरसुद्धा पाहिलं नाही. "पोरीसना खेय नही तो," म्हणाले आणि शेजारच्या पाटलांच्या पोराला दोन भवरे कागदात बांधून दिले. मी काही रडले नाही. मोठी झाले तसा मी अभ्यासाचा नाद धरला. वाटायचं, पहिला नंबर काढला तर हा माणूस जेवताना चौथा शब्द बोलेल. सातवीला काढलाही पहिला नंबर. प्रगतिपुस्तकावर सही करून ते म्हणाले, "हं."

अशात आबा शिंदखेड्याला आत्याकडे गेले आणि येताना एसटीतून पिशवीत घालून एक पिल्लू घेऊन आले. तांबूस काळं, पंजे अंगापेक्षा मोठे. दुकानात मालाची राखण होईल असं मायला सांगितलं, पण खरं म्हणजे त्यांना ते आवडलं होतं. आल्या दिवशीच त्याने आबांच्या वहाणेचा अंगठा तोडला. दुसऱ्या दिवशी बाजेची सुतळी. मग खराटा, मायची चप्पल, माझं भूगोलाचं पुस्तक, कंपासपेटीतला गुण्या. आबांनीच त्याचं नाव ठेवलं डाकू, आणि ते ठेवताना चक्क हसले. उन्हाळ्यात मायने पहाटे उठून ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, घातले होते. गच्चीवर धोतराचं पान अंथरून त्यावर ओळीने वाळत टाकले होते. ती खाली पाणी प्यायला आली तेवढ्यात डाकू गच्चीवर पोचला. "माय व! बठ्ठा बिबडा खाई ग्या व मन्हा!" म्हणून तिने जो टाहो फोडला, तो अर्ध्या गल्लीने ऐकला. बिबडे तर गेलेच, धोतराच्याही चिंध्या. मी मनातून खूष. आता याची गठडी वळणार, असं मी धरूनच चालले होते.

तर आबा काय म्हणाले असतील? म्हणाले, "दात शिवशिवतस त्याना. त्याले काहीतरी टिकाऊ द्यायला पाहिजे." आणि त्या दिवसापासून आमच्या घरात शोध सुरू झाला. आधी सागाचा गोळा झाला. सकाळी दिला, दुपारी त्याच्या चिपाट्या. मग बाभळीचा दांडा, तो संध्याकाळपर्यंत टिकला. मग शिसवीचा चेंडू. अहो, शिसवीचा! गिऱ्हाइकाच्या देव्हाऱ्याच्या खांबांतून उरलेलं लाकूड, ते आबांनी माझ्या डोळ्यांसमोर तासभर खरादीवर फिरवलं, कडा मोडल्या, पॉलिश कागदाने घासलं, गालावर लावून गुळगुळीत झालं का पाहिलं. मला त्या चेंडूचा इतका मत्सर वाटला की दुपारी कुणी नाही बघून मी तो हातात घेतला, आणि आता सांगायला लाज वाटते, पण तोंडात धरून चावूनही पाहिला. कडू होता. कुत्र्याची लाळ लागलेला कडू चेंडू, आणि तेरा-चौदा वर्षांची घोडी तो चावतेय. तीन दिवसांत त्याचे दोन तुकडे झाले आणि एक ढलपी डाकूच्या टाळूत रुतली. ती काढताना आबांच्या कपाळावर घाम होता. लाकूड बंद, असं त्यांनी ठरवलं.

मग रशीदभाईंचा सल्ला. आमच्या दुकानापलीकडे त्यांचं टायर रिमोल्डिंगचं काम होतं. त्यांनी एक हातभर तुकडा कापून दिला आणि म्हणाले, "आबा, ये ट्रकका है. इसको हाथी भी नहीं तोडेगा." हत्तीचं माहीत नाही, डाकूने तिसऱ्या दिवशी आतल्या तारा बाहेर काढल्या आणि हिरडीतून रक्त काढून घेतलं. आबा दोन वेळा जेवले नाहीत. मला गोवर आला होता तेव्हा हे जेवले होते का, असं मी मायला विचारलं. माय म्हणाली, "तुले काय व्हयनं? कुत्राशी काय बरोबरी करी राहिनी?" पण मी करतच होते. त्यानंतर जिनिंगमधला जुना कॅनव्हासचा पट्टा झाला, बैलाच्या कासऱ्याच्या गाठी झाल्या, मोटेचं जुनं चामडं पाण्यात भिजवून झालं. आणि रोज ताटावर बसलं की आबा बोलायचे! कुठली वस्तू किती टिकली, डाकू आधी कुठल्या बाजूने धरतो, सुळ्याने तोडतो की दाढेने. मायही त्यात पडायची. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून दोघं कुत्र्याच्या दातांवर चर्चा करत आणि मी समोर बसून ठेचा चिवडत असे. बाप बोलायला लागला याचा आनंद व्हायला हवा होता. माझा मात्र तिळपापड व्हायचा. एवढे शब्द या माणसाच्या पोटात होते, आणि माझ्यासाठी तीनच?

नारळाचा शोध अपघाताने लागला. कुणा गिऱ्हाइकाने दुकानात नारळ फोडायला म्हणून आणलेला, वरची सोडणं न काढलेला. तो घरंगळत खरादीखाली गेला आणि डाकूने पकडला. मग काय, काथ्या ओढतोय, थुंकतोय, पुन्हा ओढतोय. चार दिवस नुसती सोडणं काढण्यात गेले. आत टणक करवंटी, तिच्यावरून दात घसरायचे, नारळ पुढे पळायचा आणि हा मागे. बारा दिवस टिकला. आबा जिना चढून वर आले, हात भुशाने माखलेले, आणि दारातूनच ओरडले, "सापडनं व, सापडनं!" लग्नाला उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडावर नसेल एवढा आनंद. डाकूला एक शिस्तही लावली त्यांनी: संध्याकाळी दुकान बंद करायची वेळ झाली की त्याने नारळ आणून आबांच्या पायाशी ठेवायचा, मग त्याला भाकरी. मायला एवढंच खटकलं. "नारय म्हंजे आपली कानबाई. ती कुत्राना तोंडमा देतस का?" ती म्हणाली. आबांनी सांगितलं, हा बाजारचा नारळ आहे, देवघरातला नाही, आणि कुत्र्याला एवढं कळतं. खरं तर हे कुत्र्याला कसं कळावं? पण प्रेमात पडलेल्या माणसाला कोण समजावणार.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. देवी म्हणजे नारळच. आमच्या घरचा नारळ माझ्या पणजीच्या वेळचा, तेल पिऊन पिऊन काळाभोर झालेला. त्याला चांदीचे डोळे, नथ, हिरवं लुगडं, गळ्यात डोरलं. आबा थोरले, म्हणून कानबाई आमच्या घरी. एरंडोलहून धाकटे काका, म्हणजे नाना, त्यांची बायको आणि तीन मुलगे आदल्या दिवशीच येत. मायला सबंध वर्षात मिरवायला मिळायचं ते हेच दोन दिवस. पुरणाच्या पोळ्या, खीर, गंगाफळाची भाजी, आणि मुख्य म्हणजे कानबाईचे रोट. आमच्या घरची रीत अशी की रोटाचे गहू मोजायचे ते घरातल्या पुरुषांच्या नावाने. एकेकाचं नाव घ्यायचं आणि सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. बायका-पोरींच्या नावाने मूठ नसे. लहानपणापासून बघत आले होते, त्यामुळे कधी काही वाटलं नव्हतं.

त्या शनिवारी सूप मी धरलं होतं. नानांच्या नावाची मूठ पडली, मग त्यांच्या तिघा मुलांच्या. काकू मुलांची नावं जरा ठसक्यातच घेत होती. मग आबांची एक मूठ पडली आणि काकू मायला म्हणाली, "जेठानी, तुम्हना घरनी तं एकच मूठ!" हसतच म्हणाली, पण मायचा चेहरा उतरला. आबांनी दाराकडे पाहिलं. उंबऱ्याबाहेर डाकू नारळ पंजात धरून बसला होता. आबा म्हणाले, "आखो एक टाक. डाकूना नावनी. हाऊ बी आपला गडी शे." घर हसलं. नाना हसले, पोरं हसली, डोळे पुसत मायसुद्धा हसली, आणि तिने खरोखरच ओंजळीतून सव्वा मूठ गहू सोडले. ते मी धरलेल्या सुपात पडले. त्या वेळी माझ्या मनात काय झालं ते आजही मला नीट सांगता येत नाही. आबांनी मायची लाज राखायला थट्टा केली हे मला आता कळतं. तेव्हा एवढंच कळलं की या घरात कुत्र्याच्या नावाची मूठ आहे आणि माझ्या नावाची नाही. गहू सुपाच्या एका कडेला घरंगळत होते आणि काकू म्हणत होती, "सुमे, सूप सरळ धर ना."

रविवारी दुपारी जेवणं झाली. बायका गल्लीतल्या दुसऱ्या कानबाईच्या दर्शनाला गेल्या, पुरुषमंडळी गच्चीवर कलंडली. समईकडे लक्ष ठेवायला मला बसवलं. मागच्या दाराला डाकू बांधलेला होता, त्याचं कूं कूं चाललं होतं. त्या दिवशी त्याचा नारळ काढून घेतला होता, घरात देवी बसलेली म्हणून. मी उठले. लपवाछपवी नको, मी सगळं समजून उमजून केलं. चौरंगावर नारळ आहे हे मला दिसत होतं. डाकूला नारळ म्हणजे काय वाटतो हेही माहीत होतं. मला फक्त एवढं हवं होतं की त्याने असं काही फोडावं, जे आबा माफ करू शकणार नाहीत. आबांची गाठ बैलाला बांधतात तशी पक्की, सोडताना माझं नख मोडलं. दोर सुटला आणि मी मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले, म्हणजे काही ऐकू येऊ नये.

मी बाहेर आले तेव्हा चौरंग आडवा होता, समई विझलेली, हिरवं लुगडं जिन्यात पडलेलं. तेवढ्यात बायका दर्शनाहून परतल्या आणि काकूची किंचाळी ऐकून सगळे खाली धावले. डाकू खरादीखाली त्याच्या नेहमीच्या जागी बसून कानबाई चावत होता. एक चांदीचा डोळा निखळलेला, नथ वाकडी, आणि इतक्या वर्षांच्या त्या करवंटीला एक उभा तडा. आबांना पाहिल्यावर तो शेपूट हलवत उठला, नारळ तोंडात धरून पुढे आला आणि त्यांच्या पायाशी ठेवून भाकरीची वाट बघत उभा राहिला.

माय भिंतीला टेकून खालीच बसली. नानांचा आवाज चढला. "कुत्रा बांधेल व्हता. कोनी सोडा त्याले?" त्यांनी एकेका पोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आबा वाकून तो निखळलेला डोळा शोधत होते. त्यांनी डाकूच्या गळ्यातल्या दोराचं टोक उचललं, ते हातात फिरवून पाहिलं, आणि नानांकडे न बघता म्हणाले, "मीच सोडा. पानी पाजाले सोडा आनि बांधाले भुली गऊ." नाना त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटे. सगळ्या घरादारासमोर ते थोरल्या भावाला वाट्टेल ते बोलले. घरात देव सांभाळता येत नाही, कुत्र्याच्या नावाने मुठी टाकता, मग असं होणारच. आबांनी मान वर केली नाही. ठरलं ते असं की पुढच्या श्रावणात नवा नारळ आणून सगळी रीत पहिल्यापासून करायची, आणि कानबाई एरंडोलला नानांकडे बसणार. कुत्रा या घरात राहिला तर नाना या उंबऱ्यात पाय ठेवणार नाहीत. आबा एवढंच म्हणाले, "हं."

सोमवारी सकाळी ते डाकूला घेऊन शिंदखेड्याला गेले. जाताना पिशवीत अर्धा चावलेला बाजारचा नारळ घातला. डाकूने माझे हात चाटले. त्याला काय माहीत? मी हात धुतले आणि म्हटलं, चला, गेली ब्याद. त्या संध्याकाळी मी आबांच्या ताटासमोर मुद्दाम बसले. वाटलं, आता जागा मोकळी आहे. आबांनी भाकरी खाल्ली, "पुरे" म्हणाले आणि उठले. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर तेच. घर परत तीन शब्दांवर आलं, आणि मायसुद्धा बोलेनाशी झाली, कारण तिचे ते दोन दिवस माझ्यामुळे कायमचे एरंडोलला गेले होते. आजही श्रावणात कुणाकडे कानबाईची गाणी ऐकू आली की मला मायचं ते भिंतीला टेकून बसणं दिसतं आणि मी खिडकी लावून घेते.

पोळा होऊन गेला. आता सांगितलं नाही तर मी फुटेन, असं मला झालं. शाळेतून आले ती दप्तरासकट दुकानात शिरले. आबा पाळण्याची दांडी फिरवत होते. मी ओरडूनच सांगितलं, कारण मोटार चालू होती. "आबा, डाकूला मी सोडलं होतं!" त्यांनी मोटार बंद केली. पट्टा फिरत फिरत थांबला. ते म्हणाले, "माले त्याच दिन माहीत व्हतं. दोर तुटेल नव्हता. कुत्रा गाठ सोडस का?"

"मग मला मारलं का नाही? नानांना सांगितलं का नाही?"

"तुन्हं नाव सांगतू, तं ते तुले जलमभर बोलतीन," ते म्हणाले. "मले बोलनात, व्हई गयं. कुत्राले काय, शिंदखेडामा बी भाकर भेटी." त्यांनी पटाशीच्या धारेवरून अंगठा फिरवला. मी का सोडलं, हे त्यांनी विचारलं नाही. मी वाट बघत उभी होते, विचारतील म्हणून. शेवटी मीच विचारलं, "आबा, डाकूशिवाय तुम्हाला करमतं का?"

त्यांनी खरादीखालच्या भुशाकडे, डाकूच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग म्हणाले, "करमत नही." डोळे भरून आले होते त्यांचे. माझ्या बापाच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मला माफ केलं होतं त्यांनी. माझ्यासाठी धाकट्या भावासमोर खाली मान घातली होती, घरची देवी जाऊ दिली होती, जीव लावलेला कुत्रा स्वतःच्या हाताने सोडून आले होते. कुठल्याही पोरीने पाय धरावेत असं हे सगळं. आणि मी? मी त्या पाण्याकडे बघत होते आणि जळत होते. उद्या मला लग्न करून कुणी असंच एसटीत बसवून दुसऱ्या गावाला नेलं, तर हा माणूस माझ्या नावाने म्हणेल का, करमत नाही म्हणून? जिभेवर आलं होतं. आबांनी मोटार सुरू केली आणि मी दप्तर उचलून वर गेले. पुढे लग्न झालं, जळगावला आले, दर दिवाळीला माहेरी गेले, त्यांच्यासमोर बसून जेवले. आबा जाईपर्यंत मी ते विचारलं नाही.